दहाव्यांदा बघितला तरी त्याच जागी रडवणारा सिनेमा

कुळागर
काल दुपारी फोंड्यात पाऊस असा लागला होता की खिडकीतून पोफळींचे शेंडे दिसत नव्हते. जेवण झालं होतं, झोप येत नव्हती, टीव्ही लावला तर 'श्वास' चालू. आठव्यांदा की नवव्यांदा, हिशेब राहिलेला नाही. परशाला काय झालंय, डॉक्टर काय सांगणार, आजोबा काय करणार, सगळं पाठ. आता आपण निबर झालो, असं म्हणत बसलो.

ऑपरेशनच्या प्रसंगाला मला काही होत नाही, शेवटच्या होडीलाही फारसं नाही. पण आजोबा त्या पोराला हॉस्पिटलातून कोणाला न सांगता बाहेर घेऊन जातात ना, डोळे जाण्याआधी काय काय बघता येईल ते बघून घे म्हणून, तिथे माझा बांध फुटतो. दर वेळी तिथेच. काल तर रिकामी खाट दिसली तिथूनच सुरुवात झाली. बायको आतून म्हणाली, "या खेपेला लवकर!"

तर प्रश्न असा: पुन्हापुन्हा बघूनही तुम्हाला रडवतो असा सिनेमा कोणता? नुसतं नाव चालणार नाही, जागा सांगायची. नेमकी कुठे फुटता ते.

आबोलीचा_वळेसर
रुमाल टाकून ठेवते. दोन्ही अर्थांनी.

लाईट_गेली
आमच्या वाड्यावर क्लायमॅक्सलाच लाईट जाते. त्यामुळे निम्म्या सिनेमांत माझ्यापुरतं अजून कोणी मेलेलं नाही.

तारीखवार
विषय निघालाच आहे तर नोंद असू दे. राष्ट्रीय पुरस्कार १९५४ साली सुरू झाले आणि पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला मिळालं. त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान दुसऱ्या मराठी सिनेमाला मिळायला 'श्वास' उजाडावा लागला. मधे अर्धं शतक गेलं. पुढे 'देऊळ', 'कोर्ट', 'कासव' असे पटापट आले. 'श्वास' भारतातर्फे ऑस्करला गेला तेव्हा तिकडच्या प्रचारासाठी लोकांनी वर्गणी काढली होती, आठवतं का कोणाला? तो २००४ सालचा, आणि इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत आला तेही त्याच साली.

कुळागर
तारीखवार, माहिती उत्तम. पण रडता कुठे ते सांगा.

तारीखवार
मी रडत नाही. मी नोंदी ठेवतो.

फोंडेकरीण
'नाळ'. चैत्याला कळतं की आपण या घरात जन्मलेलो नाही, तिथून पुढे आईचं रोजचं बोलणं तो वेगळ्या कानाने ऐकायला लागतो. आई तीच, ओरडणं तेच, जेवायला हाक मारणं तेच. पोराचा चेहरा मात्र प्रत्येक वेळी तपासत असतो, ही माझी आहे की नाही. त्या मुलाचे डोळे! श्रीनिवास पोकळेचं तेव्हा वय ते काय!

माझी जागा अगदी क्षुल्लक आहे. देविका दफ्तरदार काम करता करता त्याच्याकडे वळून बघते, आणि त्याच्या मनात काय चाललंय याचा तिला पत्ता नसतो. बस, इतकंच. मी स्वतः दत्तक वगैरे नाही हो. पण लहानपणी आईने मारलं की मी आणि बहीण माळ्यावर बसून ठरवायचो, आपल्याला शांतादुर्गेच्या जत्रेतून उचलून आणलेलं असणार. आई गेली त्याला सहा वर्षं झाली. तो विनोद आता बहिणीशीसुद्धा करवत नाही.

आबोलीचा_वळेसर
फोंडेकरीण, आम्हाला म्हापशाच्या बाजारात केळ्यांच्या बदल्यात घेतलं होतं. आईच सांगायची.

गारठलेला_बटाटा
'श्वास', 'नाळ' ठीक. पण आता कोणीतरी 'माहेरची साडी' काढणार आणि मी उठून जाणार. तो सिनेमा नव्हे, कांदा आहे. सासू दुष्ट, नणंद दुष्ट, सून सोशिक, पार्श्वसंगीताचा आवाज वाढवा की झालं. रडवणं वेगळं आणि रडू येणं वेगळं.

शेवटची_रांग
बाबा बटाटा, बस जरा. उठू नको.

मी म्हापशात एका थिएटरात ऑपरेटर होतो. आता थिएटर नाही आणि तो धंदाही नाही. 'माहेरची साडी' एक्याण्णवचा. आमच्याकडे लागला तेव्हा शुक्रवारचा तीनचा खेळ निव्वळ बायकांनी भरायचा. का ठाऊक आहे? शुक्रवार म्हापशाचा बाजार. पेडण्याच्या, डिचोलीच्या बायका सकाळी बाजार करायच्या, आणि एसटीला वेळ आहे म्हणून पाटी-पिशव्यांसकट थिएटरात शिरायच्या. मिरच्या, नारळ, सुकं नुस्तं, सगळं खुर्च्यांखाली. मध्यंतराला दार उघडलं की खाऱ्या बांगड्यांचा वास केबिनपर्यंत चढायचा.

तेव्हा दोन मशीनं असायची. एका मशीनवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या बाजूला वर कोपऱ्यात एक ठिपका चमकतो. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सोडायची. सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका, की इकडचं बंद, तिकडचं चालू. प्रेक्षकाला कळता कामा नये. आत कार्बनच्या कांड्या जळत असतात, त्यांच्यातलं अंतरही सांभाळायचं. तुम्ही सिनेमा बघता, ऑपरेटर ठिपका बघतो. मी तो सिनेमा दिवसाला तीन-चारदा असा कित्येक आठवडे चालवला, पण सलग असा एकदाही बघितलेला नाही.

शेवटाकडच्या एका रिळाला आम्ही केबिनमध्ये 'रडपाचें रीळ' म्हणायचो. ते लावलं की खालून आवाज यायला लागायचा. हुंदक्यांचा नव्हे, बांगड्यांचा. शेदीडशे बायका एकदम पदर डोळ्यांना लावतात तेव्हा बांगड्या वाजतात. मला ठिपका बघायची गरजच नसायची, बांगड्यांवर कळायचं.

एका शुक्रवारी माझा ठिपका चुकला. आदल्या महिन्यात माझी धाकटी बहीण बाळंतपणात गेली होती. मी खिडकीपाशी होतो, डोळे पडद्यावरच होते, पण ठिपका काही दिसला नाही. रीळ सुटलं आणि पडदा पांढराफटक. एरवी असं झालं तर शिट्या, शिव्या, खुर्च्यांची आदळआपट. त्या दिवशी शिटी नाही, ओरडा नाही. निदान अर्धा मिनिट पडदा कोरा होता आणि कोणाला पत्ता नव्हता, कारण सगळ्यांची तोंडं पदरात.

त्या बायकांना घरी रडायची सोय नव्हती. तिन्हीसांजेला रडू नये, भरल्या घरात रडू नये, सणाला रडू नये. तीन तास अंधार भाड्याने मिळायचा, वर अलका कुबलच्या नावावर खपून जायचं. तू त्याला कांदा म्हण. कांदा आमच्याकडे रोज लागतो.

आबोलीचा_वळेसर
मी टाकलेला रुमाल उचलला.

डिचोलीचा_भाचा
बांगड्यांचा आवाज!! काका, तुम्ही लिहीत का नाही?

शेवटची_रांग
लिहिलं की आत्ता.

गारठलेला_बटाटा
काका, उठलो होतो, परत बसलो. सिनेमाबद्दलचं मत बदललेलं नाही, पण शब्द मागे घेतो.

आता माझी कबुली. 'अप'. पहिली दहा मिनिटं. कार्टून म्हणून भाचीला घेऊन गेलो होतो. कार्ल आणि एलीचं लग्न, घर, सहलीसाठी बरणीत साठवलेले पैसे, दर वेळी काहीतरी निघतं आणि बरणी फोडावी लागते. कधी टायर, कधी पाय मोडतो, कधी छपरावर झाड पडतं. संवाद नाहीत, फक्त संगीत. भाची विचारते, "मामा, अजून सिनेमा सुरू झाला ना?" आणि मामाचा रुमाल भिजून संपलेला.

माझी जागा ती बरणी. एली जाते ते नंतर. आमच्याकडे ती बरणी नेसकॉफीची होती आणि ठरलं होतं काशीला जायचं. आईबाबा अजून गेलेले नाहीत.

फोंडेकरीण
मग तिकीट काढ की रे मेल्या.

गारठलेला_बटाटा
बाबांचे गुडघे म्हणतात दिवाळीनंतर. गेली चार वर्षं दिवाळीनंतर.

लाईट_गेली
'अप'ची पहिली दहा मिनिटं मी बघितली आहेत. पुढची नाहीत. कारण वर दिलेलंच आहे.

चष्मेवाली
मी डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते, म्हणून दोन गोष्टी.

एक. रडताना नाक का गळतं असं परवा एका पेशंटने विचारलं. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात पापणीच्या कडेला बारीक छिद्रं असतात, तिथून अश्रू नळीवाटे थेट नाकात उतरतात. एरवी डोळा ओला ठेवणारं पाणी त्याच वाटेने गुपचूप निघून जातं. रडताना पाणी इतकं येतं की नळीला आवरत नाही, मग काही गालावर आणि काही नाकात. त्यामुळे थिएटरात "सर्दी झालीय" म्हणणारे पुरुष निम्मं खरंच बोलत असतात.

दुसरी गंभीर आहे. परशाला जो आजार दाखवलाय, रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा कर्करोग, तो दुर्मिळ आहे आणि बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत बाळाच्या बाहुलीत लाल ऐवजी पांढरट चमक दिसली, किंवा डोळा तिरळा वाटायला लागला, तर थांबू नका, डोळ्यांच्या डॉक्टरना दाखवा. दर वेळी तेच निघतं असं नाही, कारणं दुसरीही असतात. पण तो आजार असला आणि लवकर सापडला, तर जीव वाचतोच, पुष्कळदा डोळाही वाचवता येतो. सिनेमा बघून रडलात तर एकदा घरातले फोटोही चाळा.

माझी रडायची जागा? 'श्वास'मध्ये मी रडू शकत नाही. सगळा वेळ डॉक्टर काय बोलतायत तेच ऐकत बसते. मी रडते 'तारे जमीन पर'ला. बोर्डिंग शाळेत पोराला सोडून गाडी निघते, तिथे.

डिचोलीचा_भाचा
चष्मेवाली, भाचीचे फोटो आत्ताच चाळले. ठीक आहेत. थँक्यू.

रायबंदरचा_पोर
मी रडत नाही असं घरी सगळ्यांना वाटतं. कुत्र्याच्या सिनेमाला मी एकटा बसतो म्हणून.

'हाची', रिचर्ड गेअरचा, २००९चा. मूळ गोष्ट जपानची. प्राध्यापक रोज शिबुया स्टेशनवरून गाडी पकडायचे, कुत्रा संध्याकाळी आणायला जायचा. १९२५ साली ते कामावर असताना गेले, आणि हाचिको १९३५ साली मरेपर्यंत स्टेशनवर येत राहिला. पुतळा आहे त्याचा तिथे. लोक शेवटाला रडतात. मी खूप आधी रडतो, मालक गाडीतून उतरतो आणि कुत्रा बसलेलाच असतो, तेव्हा. म्हणजे अजून काही वाईट झालेलंच नसतं.

कारण सांगतो. आमचं घर चोडणला. बाबा पणजीला नोकरीला. सकाळी फेरीबोटीने रायबंदर, तिथून बस, संध्याकाळी परत. आमचा टिपू बरोबर सहाच्या सुमारास फेरीच्या धक्क्यावर जाऊन बसायचा. फेरी टेकली, मोटारसायकली उतरल्या, सायकली उतरल्या, मग चालत येणारी माणसं. बाबा दिसले की शेपटीसकट अर्धं अंग हलायचं.

पुढे बाबा निवृत्त झाले. टिपूला कोणी सांगितलंच नाही.

पहिल्या दिवशी बाबा ओट्यावर चहा पीत बसलेले, आणि त्यांच्या समोरून टिपू धक्क्यावर निघाला. बाबांनी हाक मारली तर वळून बघितलं, शेपटी हलवली आणि गेला. त्याच्या लेखी हा ओट्यावरचा माणूस वेगळा आणि फेरीतून उतरणारा वेगळा असावा. आठ वाजले तरी परत येईना. बाबा चिडून आणायला गेले, तर हा त्यांच्याकडे बघतही नाही, नजर पाण्यावर. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बाबांनी काय करावं? साडेपाचच्या फेरीने पलीकडे गेले, आणि सहाच्या फेरीने परत आले. चालणाऱ्यांच्या गर्दीतून उतरले. टिपू उड्या मारत घरी.

त्यानंतर हा माणूस दोन वर्षं रोज संध्याकाळी रायबंदरला जाऊन परत यायचा. कधी पावसात, कधी ताप असताना. शेजारी म्हणायचे भाटकाराला वेड लागलं. आई म्हणायची, "ऑफिसाक इतल्या वेळार केन्ना पावलो ना हो." टिपू गेला त्या संध्याकाळीसुद्धा बाबा साडेपाचला चपला घालून निघाले आणि पडवीतून मागे फिरले.

हे लिहायला एक तास लागला. नाक गळतंय. चष्मेवाली म्हणतात तसं.

फोंडेकरीण
रायबंदरचा_पोर, आता यावर कोण काय लिहिणार!

लाईट_गेली
मला विनोद सुचला होता. ठेवून दिला.

खतखतें
वातावरण जड झालंय म्हणून 'बागबान'. तो मला रडवत नाही. माझ्या आईला रडवतो, आणि आईला रडू आलं की आमची शंभरी भरते. चवथीला गावी उशिरा पोचलो, फोन कमी केला, वहिनीने खतखत्यात तिरफळं कमी घातली, वर्षभराची सगळी उधारी त्या तीन तासांत वसूल. अमिताभ एकटा बसून जेवतो आणि इकडे आई माझ्याकडे बघते. माझी जागा तीच.

आबोलीचा_वळेसर
खतखतें, तिरफळं कमी हा गुन्हाच आहे. आईच्या बाजूने.

डिचोलीचा_भाचा
खतखत्याला किती भाज्या घालता? आमच्याकडे पाच, बायकोच्या माहेरी एकवीस. यावरून खरंखुरं रडणं झालंय.

तारीखवार
विषयांतर. खतखत्यासाठी वेगळा धागा काढावा.

मडगांवची_ईस
सगळं वाचत होते, आता राहवत नाही. माझा 'कोको'. त्या पोराची पणजी, सुरकुत्यांची, कोणाला ओळखत नाही, खुर्चीत बसून असते. शेवटी पोर गिटार घेऊन तिला तिच्या वडिलांचं गाणं म्हणून दाखवतं आणि तिची बोटं हलायला लागतात. बोटांना मी जाते. चेहऱ्यापर्यंत पोचतच नाही.

मी तो शेजारच्या आंटीबरोबर बघते, दर वर्षी. आंटी सत्तरीच्या पुढच्या, मुलगे आखातात. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला मेलेल्यांचे दिवस पाळतात, घरात फोटो मांडतात, झेंडूची फुलं. आमच्या आंटी २ नोव्हेंबरला सिमितेरीत, म्हणजे दफनभूमीत, जातात, फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात, घरी येऊन कपडे बदलतात आणि मग माझ्याकडे सिनेमाला. पहिल्या वर्षी मी म्हटलं, आंटी, इंग्लिश आहे, मधे मधे स्पॅनिश आहे, सांगू का अर्थ? तर म्हणाल्या, "म्हाका ती भास कळना, पूण ती म्हातारी कळटा. तूं ओगी राव."

आमच्या घरात महालयाला पान वाढून कावळ्याची वाट बघतात, त्यांच्याकडे मेणबत्ती विझेपर्यंत थांबतात. आंटी मला विचारतात, तुमचा कावळा आला का यंदा. मी विचारते, वाऱ्याने मेणबत्त्या राहिल्या का.

चष्मेवाली
ईस, 'कोको' माझ्या यादीत टाकला. आंटींना नमस्कार सांग.

सोलकढी
कोंकणीचं नाव कोणीच काढलं नाही म्हणून मी काढतो. 'नाचुंया कुंपासार'. बार्डरॉय बार्रेटोंचा. संगीतकार क्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांच्यावर बेतलेला, आणि सगळी गाणी क्रिस पेरींचीच. कोंकणीतला उत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय. मी हिंदू घरातला, ती गाणी आमच्या घरात कधी लागली नाहीत. पण लग्नाच्या बॅंडवर, बसमध्ये, तवेर्नात कानावर पडून सगळी पाठ. कोणाची आहेत हेच ठाऊक नव्हतं.

सिनेमा बघताना माझ्या शेजारी एक म्हातारा बसलेला, सूट घातलेला. हो, सिनेमाला सूट. प्रत्येक गाणं तो हळू आवाजात म्हणत होता. मला आधी राग आला. मग एका गाण्याच्या मधेच तो गप्प झाला, आणि ते गाणं संपेपर्यंत गप्पच राहिला. पुढच्या गाण्याला पुन्हा सुरू. मी काही विचारलं नाही. दुसऱ्यांदा सिनेमा बघितला तेव्हा त्या गाण्याच्या त्याच ओळीला माझ्या डोळ्यात पाणी आलं. तिसऱ्यांदाही. म्हणजे मी दुसऱ्याचं रडणं रडतोय, आणि का ते मला ठाऊक नाही.

शेवटची_रांग
सूट घातला होता म्हणजे त्या काळी बॅंडात वाजवत असणार. किंवा नाचत.

अर्धी_रात्र
धाग्यात एक उपप्रश्न घुसवते. जो सिनेमा पुन्हा बघायची हिंमतच होत नाही, तो धरायचा का? 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज', जपानी, १९८८. युद्धात आईविना उरलेले भाऊ-बहीण आणि गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा. एकदाच बघितला, हॉस्टेलवर. त्यानंतर दुकानात तसल्या गोल डब्यातली बिस्किटं दिसली तरी मी दुसऱ्या रांगेतून जाते.

गारठलेला_बटाटा
नाही धरायचा. नियम 'पुन्हापुन्हा बघून' असा आहे.

अर्धी_रात्र
सिनेमा एकदा बघितला, रडते पुन्हापुन्हा. नियमात बसतं.

कुळागर
बसतं. धागाकर्त्याचा निर्णय अंतिम.

रात्रपाळी
माझ्या वडिलांचा 'आनंद'. माझा नव्हे. राजेश खन्ना गेल्यावर टेपरेकॉर्डर सुरू होतो, ते सगळ्यांना ठाऊक आहे. तो प्रसंग जवळ आला की बाबा उठायचे आणि म्हणायचे, "गेट लावून येतो." आमच्या गेटला कडीच नव्हती. आम्ही भावंडं लहान होतो, खरंच वाटायचं की या सिनेमाच्या वेळी चोर येतात.

आता बाबा नाहीत. गेल्या महिन्यात 'आनंद' लागला, टेपरेकॉर्डर आला आणि माझा मोठा भाऊ, पोलिसात आहे, उठला. म्हणाला, "गेट बघून येतो." फ्लॅटमध्ये राहतो तो. चौथ्या मजल्यावर.

डिचोलीचा_भाचा
रात्रपाळी, ऑफिसात वाचत होतो. सायेब विचारतो, "दोळ्यांत कितें गेलां?" म्हटलं गेट.

आबोलीचा_वळेसर
आजपासून आमच्या घरी 'गेट लावून येतो' हाच वाक्प्रचार.

गारठलेला_बटाटा
शेवटची_रांग काका, 'सिनेमा पॅराडिसो' बघितलाय का? त्यातला म्हातारा ऑपरेटरच असतो. गावच्या पाद्रीने कापायला लावलेले चुंबनांचे तुकडे तो जपून ठेवतो आणि...

शेवटची_रांग
बघितलाय. मुलाने पेनड्राइव्हवर आणून दिला. जागा विचारू नको. पूर्ण सिनेमाभर मी त्या कोपऱ्यात ठिपका शोधत होतो.

तारीखवार
नोंद: एकंदर सोळा सिनेमांची नावं निघाली, पण मरणाच्या प्रसंगाला रडणारे फारच थोडे. रिकामी खाट, बरणी, बोटं, धक्का, गेट. मी मोजत होतो.

आणि वर लिहिलं ते पूर्ण खरं नव्हतं. 'श्यामची आई'. पोहायला न जाणारा श्याम लपून बसतो आणि आई त्याला शिपटीने मारते, मग नंतर त्याच्या पाठीवरचे वळ बघते. माझी आई शाळेत शिक्षिका होती, माझ्याच वर्गावर. सगळ्यांसमोर मला दोन छड्या जास्त मारायची, पक्षपात नको म्हणून. घरी आल्यावर खोबरेल तेल. तेलाच्या वेळी दोघंही काही बोलायचो नाही. नोंद संपली.

फोंडेकरीण
तारीखवार, ही सगळ्यात चांगली नोंद.

कुळागर
दोन दिवस कामात होतो, पोफळींची फवारणी राहिली होती. पाऊस थांबला तेवढ्यात उरकली. सगळं आता वाचलं. मीच जागा सांगा म्हटलं आणि माझी का तीच, ते सांगितलं नाही, असं बायको म्हणते.

माझ्या आजोला काचबिंदू होता. आम्हाला उशिरा कळलं. आधी कडेचं दिसेनासं झालं, दाराची चौकट लागायची, आम्ही म्हणायचो आजो धांदरट झालाय. कळलं तेव्हा बरंच गेलेलं होतं, आणि गेलेली नजर परत येत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. औषधाने उरलेली टिकवायची, एवढंच. आजोने मला एकच मागितलं, म्हार्दोळला जायांची पूजा बघायला ने. देऊळ पुरतं जाईच्या फुलांनी सजवतात, ते त्याला एकदा नीट बघायचं होतं. मी तेव्हा नोकरीला नवा. म्हटलं, आजो, यंदा रजा नाही, पुढच्या वर्षी नक्की.

पुढच्या वर्षी नेलं. तोवर त्याला उजेड आणि काळोख एवढंच कळत होतं. मी त्याचा हात धरून महालसा देवीसमोर उभा. फुलांची काय ती गर्दी, काय सांगू! आणि मला बोलताच येईना. मग तोच मला सांगायला लागला, खांबांवर कशा माळा सोडल्या असतील, मखर कसं असेल. लहानपणी बघितलेलं होतं त्याने. मी हो हो म्हणत होतो. त्याने सांगितलेलं समोर जे होतं त्याच्याशी फारसं जुळत नव्हतं, पन्नास वर्षांत मांडणी बदललेली. तरी मी हो म्हणत होतो. परतताना म्हणाला, "बरें दाखयलें रे तुवें."

'श्वास'मधला आजोबा ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोराला उचलतो आणि निघतो. रजा मागत नाही.

रायबंदरचा_पोर
कुळागर, यंदा जायांच्या पूजेला मी येणार. फेरीने.

चष्मेवाली
कुळागर, एक विचारते, राग मानू नका. काचबिंदू घराण्यात चालत येतो. तुम्ही तुमचे डोळे कधी तपासलेत? दाब, मागची नस, कडेची नजर, सगळं. दुखत काही नाही म्हणून माणसं येत नाहीत. चाळिशी उलटली असेल तर याच महिन्यात या. वडिलांनाही आणा.

कुळागर
नाही तपासले. चाळिशी उलटून सहा वर्षं झाली. बायको मागे उभी राहून वाचतेय, त्यामुळे सोमवारी येतो.

खतखतें
आणि ते खतखतं?

सोलकढी
एकवीस भाज्या. वाद संपला.

डिचोलीचा_भाचा
पाच!

लाईट_गेली
कुळागरचं लिहिलेलं "माझ्या आजोला काचबिंदू होता" इथपर्यंत वाचलं आणि लाईट गेली. फोन तीन टक्क्यांवर आहे. पुढचं उद्या. कोणी सांगू नका.